दारातून बाजूला

२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही घराला कुलूप लावून धावत आलात, त्याचे आभार मानले तर तुम्हाला राग येईल, म्हणून मानत नाही. फोन का नाही करत, असं विचाराल. इथला फोन वॉर्डाच्या दाराशी आहे, आणि माझं कानाचं यंत्र रिसीव्हरजवळ नेलं की शिट्टी मारतं. म्हणून आपल्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या हाती ही चिठ्ठी देते. त्यांची नोकरी इथेच आहे. उत्तरही त्यांच्याकडेच द्या.

खुब्याच्या हाडात आता सळई आणि स्क्रू आहेत. हाड बसलंय, चालणं मात्र पहिलीपासून शिकायचं, म्हणून दवाखान्यातून या केंद्रात आणून टाकलंय. आठ खाटा, एक लांब खोली, धरून चालायला दोन दांड्या, आणि चार पायऱ्यांचा एक लाकडी जिना. वर चढून कुठेच पोचत नाही, आपलं परत उतरायचं.

आता घराचं. बाहेरच्या दाराची वरची कडी दिवसासुद्धा लावत जा, आपल्याकडे भुरट्या चोऱ्या फार होतात. यांचे बूट आणि चपला माझ्या कपाटात आहेत, तिथेच राहू द्या, बाहेर धूळ बसते. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशीच बंद करा. यांना चहा करायला लावू नका. आणि दुपारी चारपासून सहापर्यंत यांच्याबरोबर पत्ते खेळत बसा, हरलात तरी चालेल. तेवढा वेळ दुसरं काही काढू नका.

दोन आठवड्यांत मी घरी येते. इथली फिजिओथेरपिस्ट सहा म्हणते आहे. तिला काय कळतंय.

वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्या सूचना मिळाल्या. मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रेक्टर होते मी, पण आमच्या नियमावलीतही एवढी कलमं नव्हती.

स्पष्ट बोलते. राग आला तरी सध्या तू अंगावर धावून येऊ शकत नाहीस, म्हणून आत्ताच बोलून घेते. दादा ठणठणीत आहे. तुझी आठवण काढतो, जेवतो, झोपतो. काल आम्ही दोन तास शाळेच्या गप्पा मारत होतो. गणिताच्या मास्तरांची नक्कल अशी केली की माझ्या पोटात दुखायला लागलं. पत्त्यांत मला तीनदा हरवलं, त्यातल्या एकदा लबाडी करून. चौतीस वर्षं पंपहाऊस सांभाळून ज्याने अख्ख्या वस्तीला पाणी पाजलं, त्या माणसाला स्वतःच्या घरात चहा करू द्यायचा नाही, त्याचे बूट कुलपात आणि दाराला वरून कडी? लग्न झाल्यापासून बघतेय मी, हे असं नको, ते तसं नको. तो बोलत नाही म्हणून चाललंय.

बूट मी काढून दाराशी ठेवलेत. कडी लावते, चोरांसाठी, पण मनापासून नाही.

रविवारी त्याला घेऊन तुला बघायला येते. तुला काय आणू ते कळव.

तुझी नणंद


६ फेब्रुवारी

वन्सं,

बूट आत ठेवा. बाकी काही ऐकू नका, एवढं एक ऐका.

रविवारी येऊ नका. बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांना आत सोडत नाहीत. मला काही नको. मीच येणार आहे तिकडे.

इथली फिजिओथेरपिस्ट वयाने आपल्या भाचीएवढी आहे, पण छडी न घेतलेली मास्तरीण. सकाळी येऊन खुर्चीत बसवते आणि हात न टेकता पाच वेळा उठायला लावते, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी मला एकदाही उठता आलं नाही. काल तीनदा उठले. दुपारी ती दुसऱ्यांकडे वळली की मी माझी माझी उठते-बसते. शेजारच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत, त्यांचंही हाड मोडलंय. त्या म्हणतात, "तुम्ही नुसत्या बसलात तरी घाईने खाट हलते."

मास्तरीण सारखं विचारते, कशा पडलात? पायपुसण्यावरून घसरले, म्हटलं. तर म्हणते, "पुढे की मागे? हातात काय होतं? तोंड कुठे होतं?" मी सांगितलं, पडताना मी मोजमाप घेत नव्हते. तिने काहीतरी लिहून घेतलं. कशाला हवंय तिला ते?

चार वाजले की माझं लक्ष घड्याळावर. पत्ते खेळताय ना?

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

बूट आत ठेवलेत. तू सांगितलंस म्हणून नव्हे, दाराशी धूळ फार येते म्हणून.

दादा बरा आहे. सोमवारी जरा फिरायला गेला होता, लांब गेला, दमून आला. टाचेला फोड आलेत, औषध लावलंय. मला परवा "आई" म्हणून हाक मारली. माझा चेहरा आईवरच गेलाय, त्यात नवल नाही. चहात मीठ पडलं, ते तर माझ्याही हातून पडतं.

पुरुषांना सोडत नाहीत म्हणालीस. नर्सबाईंना विचारलं, तर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनींनी सांगितलंय ना, मग तसंच असेल." माझ्या वसतिगृहातल्या मुली खोटं बोलायच्या आधी अशाच उभ्या राहायच्या.

आणखी एक. ज्या पायपुसण्यावरून तू घसरलीस ते फेकून द्यावं म्हणून घरभर शोधलं. दारात आहे ते काथ्याचं, जाडजूड. त्याच्यावर हत्तीसुद्धा घसरायचा नाही. दुसरं कुठलं?

तुझी नणंद


१२ फेब्रुवारी

वन्सं,

ते पायपुसणं त्याच दिवशी फेकलं. त्याचा आता विचार नको.

सोमवारी कुठपर्यंत गेले होते? कोण बरोबर होतं? मला नीट लिहा. "बरा आहे" एवढ्यावर माझं भागत नाही.

आपल्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. इथल्या चार. म्हणजे साडेचार वेळा केलं की झालं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पाठ झालंय. मास्तरीण म्हणते अजून आठवडाभर जिन्याला हात लावायचा नाही. बघते.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

अकरा दिवस तुझं एक अक्षर नाही. नर्सबाई म्हणतात, "त्या परत खाटेवर आहेत, काळजीचं नाही." काळजीचं नाही म्हटलं की माणूस दुसरं काय करतो?

आता माझ्याकडचं खरं सांगते. त्या सोमवारी दादा फिरायला गेला नव्हता, हरवला होता. मी पाच मिनिटं आंघोळीला गेले. बाहेर आले तर दार उघडं, बूट नाहीत. बूट मीच तर दाराशी ठेवले होते. तीन तासांनी दोन थांबे पलीकडे एका वर्कशॉपच्या फाटकाशी सापडला. ते पंपहाऊस समजून तिथल्या रखवालदाराशी भांडत होता, की पाळी बदलायची वेळ झाली आणि हा आत सोडत नाही. मला बघून म्हणाला, "आई, तू कशाला आलीस उन्हाची?" मी तुला लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, मी सांगितलं होतं. आणि सांगितलंच होतंस.

तेव्हापासून तुझं एकेक कलम पाळते आहे. पण काल पत्ते खेळताना मधेच उठला. चार वाजून गेले होते. बूट मागितले, नव्हते, तर अनवाणीच निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने माझं मनगट धरलं. वहिनी, या माणसाने मला सायकल शिकवली, मी पडले तर स्वतःच्या शर्टाने गुडघा पुसला. त्याच्या डोळ्यांत मी नव्हते. म्हणाला, "बाजूला व्हा बाई, माझी पाळी आहे." बाजूला ढकलून कडीला हात घातला. मी भिंतीला आपटले, त्या आवाजाने तो थांबला आणि परत खुर्चीत जाऊन बसला. काही झालं नाही, दंडावर निळं पडलंय एवढंच. मी उंच आहे, अंगाने भरलेली आहे. तू माझ्या निम्मी.

तू पायपुसण्यावरून घसरली नाहीस. हो ना?

तुझी नणंद


२५ फेब्रुवारी

वन्सं,

नाही घसरले.

तुमच्या दंडाला बर्फ लावा. आणि बसून वाचा, पत्र लांबणार आहे.

दीड वर्षापासून चाललंय. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग मी. सगळं एकदम नाही. सकाळी माझे असतात, चारनंतर पंपहाऊसचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हे असंच वाढत जाणार, घरी मदतीला माणूस ठेवा. मी म्हटलं, मी आहे ना.

त्या दिवशी मी दारात उभी राहिले, तुम्ही राहिलात तशीच. "बाजूला व्हा बाई" हेच म्हणाले. मी म्हटलं, मी बाई नाही, मी आहे. त्यांनी खांद्याला धरून ढकललं. उंबऱ्यावर पाय अडकला आणि मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीशी कुशीवर पडले. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, यंत्र कानात नसतानाही. हे मला ओलांडून खाली गेले. रागाने नाही. रस्त्यातलं सामान ओलांडावं तसे, जपून. नर्सबाई कामावरून येत होत्या, त्यांनी यांना कोपऱ्यावर गाठलं आणि मला उचललं. त्यांच्याकडून मी वचन घेतलं. बिचाऱ्यांना दोष देऊ नका.

तुम्हाला का नाही सांगितलं? तुम्ही आलात की हे शाळेतल्या गप्पा मारतात, लबाडीने पत्ते जिंकतात. तुमच्यापुरते ते अजून पूर्वीचे होते. निदान एका घरात ते तसे राहावेत असं वाटलं. शिवाय लाज वाटली, तेही खरं. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, हे कुणी आता खरं मानलं असतं का?

आता माझा पराक्रम. तुमची चिठ्ठी वाचून तेराला सकाळी मी एकटी त्या लाकडी जिन्यावर गेले. तीन पायऱ्या चढले. चौथीवर दुखरा पाय आधी टाकला, वाकला, आणि कठड्याला लोंबकळत राहिले. हाड शाबूत आहे, पण मांडी अशी सुजली की तेव्हापासून आडवी. खाटेला पाटी लावलीय, "एकटीने उठू नये". बालवाडीत लावतात तशी.

मास्तरीण रागावली नाही. खाटेपाशी स्टूल ओढून बसली. म्हणाली, "तुम्हाला घरी लवकर जायचंय, पण चौथ्या पायरीवर घर जवळ आलं की तुमचा पाय थरथरतो. मला सांगाल का, घरात काय आहे?" मी सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिने लिहून नाही घेतलं.

वन्सं, मला घरी यायची घाई आहे आणि मला घरी यायची भीती वाटते, दोन्ही एकाच वेळी. तुमच्यावर त्यांना टाकून इथे पडून राहवत नाही. पण डोळे मिटले की तेच दार दिसतं. आणि कधी कधी यांचा इतका राग येतो, की घाम फुटतो. आजारी माणसावर रागवायचं तरी कसं?

तुमची
वहिनी


२ मार्च

वहिनी,

राग मलाही आला. आधी तुझा, मग त्याचा, मग माझा. तुझा एवढ्यासाठी, की एवढं सगळं एकटीने गिळून वर मला "धूळ बसते" सांगतेस. माझा जास्त. चाळीस वर्षं मी तुला हुकूमशहा समजत होते. पाच तारखेच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाक. टाकलं नसशील, ठाऊक आहे मला, तू काहीच टाकत नाहीस.

आता कामाचं. डॉक्टरांकडे जाऊन आले. दादाच्या गोळ्या बदलल्यात. त्यांनी स्वच्छ सांगितलं, रोज एका माणसाने दारात उभं राहून हे निभणार नाही, उभ्या राहणाऱ्याचंच हाड मोडेल. वेळ आली तर त्याला जिथे सांभाळतात अशा जागी ठेवायचा विचार करावा लागेल. मी ऐकून घेतलं.

पण गुरुवारी एक झालं. चार वाजले, हा उठला. मला आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीची आठवण झाली, रोज संध्याकाळी पेटी भरून घरी निघायची. पहिल्या आठवड्यात मी फाटक अडवायचे, ती ओरडायची. नंतर मी तिच्याबरोबर चालायला लागले. थांब्यापर्यंत जायचो, बस निघून जायची, परत यायचो. तसंच म्हटलं, बघू. मी त्याला बूट दिले. स्वतः चपला घातल्या, कडी काढली आणि म्हटलं, "चला, मीही तिकडेच निघालेय." हा माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं, सोबत झाली."

पंपहाऊसपर्यंत गेलो. पंप आता दुसरीकडे हलवलेत, फाटकाला मोठं कुलूप आहे. त्याने कुलूप हातात घेऊन ओढून पाहिलं, खिसे चाचपले, आणि म्हणाला, "दुसऱ्या पाळीवाला आलेला दिसतोय. आत नीट बसलाय." आणि मागे वळला. घरी येऊन दोन घास जास्त जेवला. चार दिवस हेच करते आहे. एकदा अर्ध्या वाटेत रडला, एकदा मला शिव्या दिल्या. पण दारात कुणी ढकललं नाही.

माझे गुडघे कुरकुर करतात, ते सोड. तू सहा आठवडे म्हण, आठ म्हण. पुरी बरी होऊन ये. अर्धवट आलीस तर मी दोघांना सांभाळू शकणार नाही, हे प्रेमाने नाही, हिशेबाने सांगते.

तुझी नणंद


१० मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मास्तरणीला वाचून दाखवलं, शिव्यांसकट. ती म्हणाली, "मग तुम्हाला अठरा पायऱ्यांबरोबर आणखी एक शिकायचंय. कुणी ढकललं तर कसं हटायचं."

आता रोज तेच. वॉकर सोडून मी दांड्यांमधे उभी राहते, कमरेला पट्टा, तो मागून एका मदतनिसाच्या हातात. मास्तरीण खांद्याला हलकेच लोटते आणि मी पाऊल टाकून तोल सावरायचा. आधी ती सांगून लोटायची, आता न सांगता. पहिल्या दिवशी तिने हात पुढे केला तेव्हाच मी ओरडले. आजी घाबरून उठून बसल्या. काल सात वेळा लोटलं, सात वेळा सावरले. आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यात मागे जायला शिकले, बाजूला होऊन वाट द्यायला. इतकी वर्षं मला तेच तेवढं जमलं नव्हतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

घरी येण्याबद्दल मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. दिवसभराची बाई ठेवल्याशिवाय येणार नाही. आणि यांनी पुन्हा कुणाला पाडलं, मला किंवा तुम्हाला, तर डॉक्टर म्हणाले त्या जागेचा विचार मी करीन. तुमचे दादा आहेत, तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही.

यांना एकदा सकाळी घेऊन या. पुरुषांना सोडतात.

वहिनी


२१ मे

वन्सं,

तुम्ही इकडे राहायला यायचं ठरवून, तुमचं घर आवरून सामान आणायला गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. आता फोन स्पीकरवर लावून बोलता येतं, पण त्यावर मी नेहमी "सगळं ठीक" म्हणते, कारण हे शेजारी बसलेले असतात. म्हणून लिहिते. खोटं बोलायचं नाही असं आपलं ठरलंय.

सगळं ठीक नाही. मंगळवारी यांनी आपल्या दिवसभराच्या बाईंवर ताट फेकलं. लागलं नाही, पण त्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मला रडू आलं, इतकी मला खात्री होती की येणार नाहीत. माझा पाय संध्याकाळी जड होतो, काठीशिवाय चालवत नाही, आणि जिना उतरताना शेवटच्या चार पायऱ्यांवर अजून कठडा सोडवत नाही. चार वाजले की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. बाई यांना बूट देतात, दोघं जातात, मग मी बाहेर येते. मी दारात कधी नसते. हे नीट पाळलंय.

काल मात्र त्यांच्या मागे गेले. बाई यांच्याबरोबर पुढे, मी काठी टेकत बरीच मागे. मास्तरणीला विचारून ठरवलं होतं, पंपहाऊसपर्यंत जायचं. अर्ध्यावर औषधाच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथपर्यंत पोचले आणि पायाने संप केला. बसले. ते दोघं पुढे वळणाआड गेले. वन्सं, मला वाटलं, हे असंच होणार, हे पुढे जाणार आणि मी बसून बघत राहणार. फार वाईट वाटलं, आणि त्यातच थोडी सुटका झाल्यासारखंही वाटलं. तुम्हाला म्हणून सांगते.

थोड्या वेळाने ते परत आले. यांनी मला पाहिलं, थांबले. ओळख नव्हती. पण माझी काठी पाहिली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाई लांब उभ्या राहिल्या.

"पाय दुखतोय वाटतं," हे म्हणाले.

"हो. मोडला होता."

"कसा?"

मी यांच्याकडे बघितलं. खरंच विचारत होते, काळजीने. मी म्हटलं, "दारात उभी होते. बाजूला व्हायला हवं होतं."

 हे म्हणाले, "ज्याने पाडलं त्याला लागलं नाही ना?"

"लागलं असेल," म्हटलं, "त्याला सांगता येत नाही."

"एकट्या जाऊ नका घरी. घरी कोण आहे तुमचं?"

"नवरा आहे," मी सांगितलं. "आणि सोमवारी नणंद येते आहे."

"मग चला, तोवर मी पोचवतो," म्हणाले, आणि उठून उभे राहून मला दंड दिला. मी धरला. हळूहळू घरी आलो. जिन्याशी मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. नको म्हणाले, बायकांना आधी जाऊ द्यावं. अठरा पायऱ्या चढेपर्यंत एक पायरी मागे राहून चालत होते.

सोमवारी या.

वहिनी